धागा: गुहाचित्रांपासून रोमपर्यंत कलेचा इतिहास, गोव्यात बसून कसा शिकायचा?

जांभ्याची_वाट

नमस्कार मंडळी. आर्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी फोंड्याला घरी थिअरी शिकवते, त्यातला कलेच्या इतिहासाचा पहिला पेपर म्हणजे गुहाचित्रं ते रोम. पणजीला आल्तिनोवरच्या आर्ट कॉलेजची मुलं आहेत, नेट परीक्षेची तयारी करणारे आहेत, नोकरी सांभाळून आवडीने वाचणारे पण आहेत, आणि सगळ्यांची तक्रार एकच, की पुस्तकात पस्तीस-चाळीस हजार वर्षं भराभर येतात आणि शेवटी हातात नावांची आणि सालांची यादी उरते, चित्र बघितल्याचा आनंद कुठे येतच नाही. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी हा विषय केलाय किंवा करताय त्यांनी लिहा.

माझं म्हणणं आधी सांगते, मग भांडा माझ्याशी. हा इतिहास शिडीसारखा वाचू नका. खालच्या पायरीवर बिचारा आदिमानव, वर इजिप्तवाले ज्यांना अजून नीट जमत नव्हतं, आणि सगळ्यात वर ग्रीक ज्यांना अखेर माणूस काढता आला, असं चित्र मनात धरलं की सगळा अभ्यास वाकडा जातो.

लास्कोची गुहा फ्रान्समध्ये १९४० साली सापडली, तिथली चित्रं साधारण १७ हजार वर्षांपूर्वीची. शोवे १९९४ ला सापडली, तिथली सगळ्यात जुनी चित्रं ३६ हजार वर्षांच्या आसपासची. म्हणजे शोवेच्या माणसापासून लास्कोचा माणूस जितका लांब, तितके आपणही लास्कोपासून लांब नाही. आणि शोवेतले घोडे बघा, आधी भिंत खरवडून पांढरी केलीय, मग कोळशाने रेघ, मग तो कोळसा हाताने पसरवून छटा दिलीय, एकामागे एक चार डोकी. शिडी खरी असती तर शोवेत कच्चं आणि लास्कोत पक्कं दिसायला हवं होतं. तसं अजिबात नाही.

या शिडीने नुकसान केलंय पण. स्पेनमध्ये अल्तामिराच्या गुहेच्या छतावरचे बैल १८७९ ला सावतुओला आणि त्यांच्या छोट्या मुलीने, मारियाने, बघितले. तेव्हाच्या मोठमोठ्या विद्वानांनी सरळ बनावट ठरवले, का तर इतक्या जुन्या माणसाला इतकं सुंदर काढताच येणार नाही म्हणून. सावतुओला १८८८ ला गेले. विरोध करणाऱ्यांतले कार्तेयाक यांनी १९०२ ला जाहीर लेख लिहून कबुली दिली, पण ऐकायला सावतुओला नव्हते. मुलांना हे सांगते तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.

आणि सुरुवात युरोपातच झाली हेही डोक्यातून काढा. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर रानडुक्कर आणि माणसांसारख्या आकृतींचं एक गुहाचित्र आहे, २०२४ ला त्याचं वय निदान ५१,२०० वर्षं असल्याचं जाहीर झालं.

मग वाचायचं कसं? मी मुलांना प्रत्येक वस्तूपुढे थांबवते आणि विचारते की हे कशाचं आहे, केवढं आहे, कुठे होतं, आणि कोणाच्या नजरेला पडत होतं. अर्थ काय हे सगळ्यात शेवटी. केवढं आहे हा प्रश्न तर अजिबात सोडू नका, पुस्तकात सगळं एकाच मापाचं दिसतं. विलेनडॉर्फची व्हीनस, म्हणजे बाईची छोटी दगडी मूर्ती, जेमतेम ११ सेंमी, मुठीत मावते, तिला पावलं नाहीत त्यामुळे ती स्वतः उभीच राहत नाही, म्हणजे ती हातात धरायची वस्तू असावी हा विचार फोटो बघून येणारच नाही. मोहेंजोदडोची नर्तकी साडेदहा सेंमी. इजिप्तच्या नार्मर राजाची कोरीव पाटी ६४ सेंमी. आम्ही खऱ्या मापाचे कागद कापून भिंतीवर चिकटवतो, आणि मग बोलतो.

दुधसागर२१

ताई खूप छान लिहिलंय. पण परीक्षेत साल विचारतात हो, आणि शैलीची वैशिष्ट्यं लिहा म्हणून दहा मार्कांचा प्रश्न येतो. इजिप्तच्या चित्रांत तोंड बाजूने आणि डोळा समोरून का, ह्याचं उत्तर गाईडमध्ये दिलंय की त्यांना पर्स्पेक्टिव्ह माहीत नव्हतं. तेच लिहायचं का?

जांभ्याची_वाट

ते लिहू नकोस रे बाबा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं चित्र आहे, इ.स.पू. १३५० च्या आसपासचं, पाणथळीत शिकार करतानाचं. त्यातलं मांजर बघ, तोंडात एक पक्षी, पंजात दुसरा, अंगावरची लव दिसते, फुलपाखरांचे पंख दिसतात. ज्याला हे मांजर येतं त्याला माणसाचं तोंड समोरून येणार नाही? माणूस त्यांनी ठरवून तसा काढला. प्रत्येक अवयव ज्या बाजूने सगळ्यात स्पष्ट ओळखू येतो त्या बाजूने, कारण थडग्यातलं चित्र मेलेल्याला पुढे कायम कामाला यायचं होतं, त्यात काही अर्धवट राहून चालणार नव्हतं. त्यासाठी चौकोनांची जाळी आखायचे, उभ्या माणसाला टाचेपासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ घरं. धनी मोठा, नोकर लहान. हे लिही, आणि नेबामुनचं उदाहरण दे.

सालांचं म्हणशील तर सगळी पाठ करू नकोस. थोडीच साल घट्ट धर आणि बाकीचं त्यांच्या आजूबाजूला बसव. नार्मर इ.स.पू. ३१०० च्या सुमारास, मेसोपोटेमियातल्या नराम-सिन राजाचा विजयस्तंभ २२५० च्या आसपास, अथेन्सचं पार्थेनॉन देऊळ ४४७ ते ४३२, ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं पाँपेई शहर इ.स. ७९. पर्शियन लोकांनी अथेन्सची अॅक्रोपोलिस (देवळांची टेकडी) जाळली ते इ.स.पू. ४८० तर विसरूच नकोस, कारण तिथून ग्रीक शिल्पात खूप काही बदलतं.

मांडवी_तीर

ताई, तुमचा मुद्दा मला पटतो पण पूर्ण नाही. मी इतिहास शिकवत होतो, आता निवृत्त. शिडी नको हे ठीक, पण ग्रीक शिल्पात क्रम आहेच, तो नाकारून कसं चालेल? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला कूरोस, म्हणजे उभ्या तरुणाचा पुतळा, घ्या, इ.स.पू. ५९० च्या आसपासचा. डावा पाय पुढे आहे पण वजन दोन्ही पायांवर सारखं, खांदे सरळ, कंबर सरळ. मग क्रितिओसचा मुलगा म्हणतात तो पुतळा, ४८० च्या सुमाराचा. एका पायावर वजन आलं, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर गेलं, डोकं किंचित वळलं. मग ४४० च्या आसपास पॉलिक्लीटस या शिल्पकाराचा भालावाला, जिथे ताणलेला हात, सैल हात, भार घेतलेला पाय, मोकळा पाय हे सगळं तिरक्या जोडीने हिशेबात बसवलंय. दीडशे वर्षांत एकाच प्रश्नाचा पिढ्यान्पिढ्या पाठलाग झालाय, प्रत्येकाने आधीच्याचं बघून पुढचं केलंय. ह्याला प्रगती म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आणि विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तो भालावाला मूळचा ब्राँझचा. तो आज नाही. आपण बघतो त्या रोमन लोकांनी संगमरवरात केलेल्या नकला. ब्राँझ वितळवून पुन्हा वापरता येतं, त्यामुळे बहुतेक मूळ पुतळे भट्टीत गेले. जे समुद्रात बुडाले ते राहिले. इटलीत रियाचेजवळ १९७२ ला समुद्रातून दोन योद्धे वर आले, तेव्हा जगाला कळलं की अस्सल ग्रीक ब्राँझ म्हणजे काय, तांब्याचे ओठ, चांदीचे दात. ग्रीक कला म्हणून पुस्तकात जे छापतात त्यातलं किती ग्रीक आणि किती रोमन, हे प्रत्येक चित्राखाली बघायची सवय लावा.

जांभ्याची_वाट

सर, एका प्रश्नाचा पाठलाग म्हणालात ते फार आवडलं, मी वर्गात हेच वापरणार. क्रितिओसच्या मुलाकडे येईपर्यंत त्या प्रश्नापुरतं ते पुढे जातात हे अगदी खरं. माझी हरकत फक्त एवढीच की तो प्रश्न ग्रीकांचा होता. उभ्या देहात वजन कुठून कुठे जातं हे त्यांना छळत होतं. असिरियाच्या राजवाड्यातल्या शिल्पकाराला दुसरं काही छळत होतं, त्याला दारातून आत येणाऱ्या माणसाला पंख असलेला बैल समोरून उभा दिसायला हवा होता आणि बाजूने चालताना दिसायला हवा होता, म्हणून खोरसाबादच्या त्या बैलांना पाच पाय आहेत. ग्रीक प्रश्न घेऊन असिरियन उत्तर तपासलं की असिरियन नापासच होणार. असिरियन उठावशिल्पं बघायला लंडनला जायची गरज नाही, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, मुंबईला गेलात की जाच. दगडाला हात लावता येत नाही पण रेघा किती उथळ आणि किती नेमक्या आहेत ते जवळून दिसतं.

पाचोळा

मी मडगावची, विषय नवीन आहे पण सगळं वाचतेय. आम्ही घरची सगळी उसगळीमळला गेलो होतो, रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठी, तिथे तो गोल गोल वळणांचा भुलभुलैया कोरलेला आहे ना, आमच्याबरोबरचे एक जण ठामपणे सांगत होते की हे चित्र ग्रीसहून आलंय, क्रीट बेटावर असंच होतं, तिथले लोक समुद्रमार्गे गोव्यात आले होते. हे खरं आहे का? मला ऐकायला छान वाटलं पण पटलं नाही.

जांभ्याची_वाट

पाचोळाताई, नाही पटलं ते बरोबरच. पण प्रश्न इतका चांगला आहे की जरा सविस्तर लिहिते.

आधी क्रीटचं. क्नोसॉसला आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून खणायला घेतलं, मोठा राजवाडा मिळाला, बैलावरून उडी मारणाऱ्यांचं भित्तिचित्र मिळालं, आणि मिनोटॉरच्या, म्हणजे बैलाच्या डोक्याच्या राक्षसाच्या, गोष्टीतला भुलभुलैया तो हाच असं जगभर पसरलं. आपण ज्या आकृतीबद्दल बोलतोय, म्हणजे एकच वाट वळत वळत मध्यापर्यंत जाते ती, ती क्नोसॉसच्या नाण्यांवर आहे, पण ती नाणी त्या राजवाड्याच्या हजारभर वर्षं नंतरची. त्याआधीची, जिचा काळ नक्की सांगता येतो अशी एक म्हणजे ग्रीसमध्येच पायलोस इथली मातीची पाटी, इ.स.पू. १२०० च्या आसपासची, एका बाजूला हिशेब आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी हा भुलभुलैया ओरखडलाय. आपल्याकडे हीच आकृती चक्रव्यूह म्हणून ओळखतात, हळेबीडच्या होयसळ देवळावर, बाराव्या शतकात, अभिमन्यूच्या प्रसंगात कोरलेली आहे.

आता उसगळीमळ. १९९३ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी सांगितल्यावर पुरातत्त्व खात्याचं लक्ष गेलं, जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून जास्त आकृत्या, बैल, हरणं, माणसं. जांभ्यात कोरलेल्या रेघेत कार्बन नसतो, त्यामुळे शोवेसारखा कोळसा तपासून तिचं वय काढता येत नाही. शैली बघून, आजूबाजूला दगडी हत्यारं कुठली मिळाली ते बघून अंदाज बांधतात, आणि ते अंदाज एकमेकांपासून हजारो वर्षं लांब आहेत. एका आकृतीचं वय पक्कं नाही आणि दुसरी हजारो मैलांवर, अशा दोन टोकांना जोडून जहाजं सोडणं हा अभ्यास नव्हे. त्यात आधी एक मोठी फुली, चार कोपऱ्यांत कोन आणि ठिपके, आणि मग एकेक टोक पुढच्याला जोडत गेलं की ही आकृती आपोआप तयार होते. कागदावर करून बघा, लहान मुलालाही जमतं. जी गोष्ट इतक्या सोप्या युक्तीने होते ती माणसाला दोन ठिकाणी वेगवेगळी सुचू शकते, किंवा कोणी कोणाकडून घेतली पण असेल, पण ते दाखवायला पुरावा लागतो, नुसतं सारखेपण पुरत नाही.

सड्यावरचा

ताईंना पूर्ण पाठिंबा. मी रत्नागिरीचा, आमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवर, हेच चालू आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून शेकड्यांनी कातळशिल्पं उजेडात आणली, आणि २०२२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणची कातळशिल्पं गेली, त्यात आमची कशेळी, बारसू, उक्षी, जांभरूण, देवाचं गोठणं वगैरे आहेत, सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे आणि तुमच्या गोव्यातलं फणसमाळ पण आहे. म्हणजे हा एकच सलग पट्टा आहे, राज्याची हद्द नंतर आली.

कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही, आम्ही ड्रोनने बघितला. ज्याने कोरला त्याने कधीच पूर्ण बघितला नसणार, मग ही आकृती प्रमाणात आली कशी? आमच्या सड्यावर गेंडा पण कोरलेला आहे, आज कोकणात गेंडा कुठे आहे? असले प्रश्न आधी विचारायला पाहिजेत.

बारसूला एक माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी आहेत. हे बघितलं की लगेच लोक सिंधू संस्कृतीची मुद्रा काढतात, त्यात पण माणूस दोन वाघांना अडवून उभा आहे. मग कोणी लूव्हर संग्रहालयातली इजिप्तची हस्तिदंती मुठीची सुरी दाखवतं, तिच्यावर माणूस आणि दोन सिंह. तुलना जरूर करा, माझा विरोध नाही, पण तुलना केली म्हणजे नातं सिद्ध झालं असं नसतं.

कोल्हापुरी_ठसका

संबंध खरोखर होते तिथे पुरावा कसा दिसतो ते सांगू का. आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली, रोमन जगातून आलेली, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन कोणीही बघू शकतं. उलट्या दिशेने, पाँपेईत १९३८ ला हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, आज नेपल्सला आहे. इ.स. ७९ ला ज्वालामुखीखाली गाडली गेली म्हणजे त्याआधीच तिथे पोचलेली होती, वयाचा वाद उरतच नाही. आणि तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला सापडल्यात. कार्ल्याच्या चैत्यात तर खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांची, नावं कोरलेली आहेत. वस्तू, जागा, काळ, लेख, सगळं हातात आहे. भूगर्भातून आलेला असा एक तुकडा शंभर दिसण्यातल्या साम्यांपेक्षा भारी.

मांडवी_तीर

उत्तम. विद्यार्थ्यांनी ह्यात दायमाबाद पण जोडावं. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात १९७४ ला एका शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या, बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. त्यांच्याही काळाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, कारण त्या शास्त्रीय उत्खननाच्या थरातून आल्या नाहीत, अशाच जमीन खणताना आल्या. वस्तू कितीही देखणी असली तरी ती कुठल्या थरात होती हे हरवलं की अर्धी बोलती बंद होते.

दुधसागर२१

हे सगळं पुस्तकात का नाही हो. अजून एक विचारतो, ग्रीक मडक्यांचं काळं आणि लाल माझ्या डोक्यात जातच नाही. काळी आकृती, लाल आकृती, दोन वेगळे रंग वापरायचे का?

जांभ्याची_वाट

रंग नव्हेच! दोन्ही एकच माती आहे. आकृतीसाठी तीच माती पाण्यात गाळून अगदी बारीक करून लावायचे. मग एकाच भाजणीत तीन टप्पे. आधी भट्टीत हवा मोकळी, सगळं भांडं लाल. मग हवा बंद आणि ओलं लाकूड टाकून धूर, सगळं काळं. मग परत हवा सोडायची, तेव्हा भांड्याची साधी माती परत लाल होते, पण बारीक मातीचा लेप तापून काचेसारखा घट्ट झालेला असतो, त्यात हवा शिरत नाही आणि तो काळाच राहतो. इ.स.पू. ५२५ च्या सुमाराला अथेन्समध्ये कोणीतरी हे उलटं केलं, आकृती मोकळी सोडली आणि मागचा भाग लेपाने भरला, आणि मग आकृतीच्या आतल्या रेघा कोरण्याऐवजी कुंचल्याने काढता यायला लागल्या. स्नायू, पापणी, कपड्याची चुणी सगळं तिथून सैल झालं. डिचोलीला कुंभारांकडे जाऊन बस एकदा, हवा बंद केली की माती का काळी होते ते तो तुला भट्टीसमोर दाखवेल, मग जन्मात विसरणार नाहीस.

हेच क्रीटच्या भित्तिचित्रांचं. ओल्या चुन्यावर रंग लावला की चुना सुकताना रंग आत धरून ठेवतो. आपल्या जुन्या देवळांतलं कावीकाम बघा, तिथे ओल्या चुन्यावर लाल मातीचा थर देऊन तो खरवडतात. पद्धत वेगळी, पण चुना सुकायच्या आत हात आटपायला हवा ही घाई दोन्हीकडे आहे.

चिरेबंदी

मी आर्किटेक्ट आहे, रोमबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तिथल्या पँथिऑन देवळाचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा, लोखंडी सळी न घालता ओतलेलं काँक्रीट, आणि अजून उभा. खालच्या थरात जड दगडाची खडी, वर जाल तशी हलकी, टोकाजवळ प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, आणि मध्यावर उघडं भोक, सगळ्यात जड पडणारी जागाच काढून टाकलीय. शिल्प आणि चित्र शिकताना मुलं इमारत फोटोतच बघतात, आतून जमिनीवर फिरणारा उजेडाचा गोल फोटोत कळत नाही. आणि एक, ग्रीक-रोमन पुतळे पांढरेफटक होते हा समज काढा, ते रंगवलेले होते, रंगाचे कण आजही सापडतात. आपल्या देवळातली रंगवलेली मूर्ती ज्याने बघितलीय त्याला हे मनात आणायला जड जाऊ नये.

दुधसागर२१

ताई आम्ही वर्गातली मुलं रविवारी उसगळीमळला जायचं म्हणतोय, केपें, तिळामळ करून रिवण. काय काय न्यायचं?

जांभ्याची_वाट

स्केचबुक, मऊ पेन्सिल, मीटरची टेप, लांब दोरी. सकाळी लवकर पोचा, ऊन तिरकं असतं तेव्हाच रेघेची सावली पडते आणि खोली कळते, दुपारी बाराला गेलात तर कातळ सपाट दिसेल आणि निम्मं काही दिसणार नाही. आधी फोटो काढू नका, आधी बसून काढा. बैलाच्या पाठीची रेघ शिंगापासून शेपटीपर्यंत एका हातात गेलीय का तुटक आहे, टोचून टोचून केलीय का घासून, ते चित्र काढताना कळतं. वेळ उरला तर काजूरला दुधाफातर आहे, तो कातळ वेगळा आहे, जांभा नाही, तिथे रेघ कशी वेगळी पडलीय ते ताडून बघा. तो गावाच्या श्रद्धेचा दगड आहे तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, चप्पल काढून जा.

सड्यावरचा

आणि रेघ उठून दिसावी म्हणून खडू, चुना, रांगोळी काही भरू नका, लोक सर्रास भरतात. दोरीने एका आकृतीचे चौकोन आखून मापात काढलंत तर स्कॅन करून इथे टाका, आमच्याकडची मापं मी टाकतो, बैलांच्या पाठी शेजारी शेजारी ठेवून बघू.